‘फाइल आली’ म्हणजे फाइल पूर्ण आली असं नाही : फोल्डरवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातला स्कॅनर एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पीडीएफ टाकतो, सी शार्प या भाषेत लिहिलेली एक सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) फाइलसिस्टमवॉचर, म्हणजे फोल्डरमधले बदल कळवणारी सोय, लावून त्या फोल्डरवर बसलीय, नवीन फाइल आली की क्रिएटेड इव्हेंट (‘फाइल तयार झाली’ अशी सूचना) येतो आणि फाइल उघडायला गेलं की कधीकधी ‘दुसरा प्रोग्राम ही फाइल वापरतोय’ असा एरर. मग पाच सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) टाकला, लहान फाइली सुधारल्या, मोठ्या तशाच. आणि एकदम दोन-तीनशे फाइली आल्या की त्यातल्या काही नुसत्या पडून राहतात, एरर पण नाही, लॉगमध्ये नोंद पण नाही.

हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, एका स्लीपने तिन्ही जाणार नाहीत. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणजे एका मशीनने फाइल टाकायची आणि दुसऱ्याने उचलायची, त्यामुळे जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

आधी क्रिएटेड इव्हेंट काय सांगतो ते बघा. तो फक्त इतकंच सांगतो की या फोल्डरमध्ये या नावाची एक नोंद तयार झाली. त्या क्षणी फाइल बहुतेक शून्य बाइटची असते, लिहिणाऱ्याने आत्ताशी वही उघडलीय, पेन पण टेकवलेलं नाही. मग तो लिहील, थांबेल, परत लिहील, त्या प्रत्येकाचे चेंज्ड इव्हेंट येतील, एक येईल किंवा सात येतील, त्याचा काही नेम नाही. आणि ‘माझं लिहून झालं’ असा इव्हेंट विंडोजच्या वॉचरमध्ये नाहीच. सगळी गोम इथेच आहे. लिहून झालं की नाही हे फक्त लिहिणाऱ्याला माहिती असतं आणि तो आपल्याला सांगत नाही. म्हणून मी नवीन मुलांना सांगतो की इव्हेंट म्हणजे दारावरची बेल समजा. बेल वाजली म्हणजे कोणीतरी आलंय, कोण आलंय आणि सामान सगळं उतरवून झालं का ते दार उघडून बघायचं, आणि बेल बंद पडली तरी मधूनमधून दार उघडून बघायचं.

माझं स्वतःचं नाक कापलं गेलेलं प्रकरण सांगतो. एका साखर कारखान्यात उसाच्या काट्यावरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाचं होतं, ते दर पाळीला एक टेक्स्ट फाइल टाकायचं, एका खेपेची एक ओळ, गाडी नंबर, सभासद नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, शेवटी निव्वळ वजन किलोत. आमचा प्रोग्राम ती उचलून शेतकऱ्याला मेसेज पाठवायचा. महिनाभर मस्त चाललं. मग एक दिवस एक सभासद मोबाइल घेऊन शेतकी खात्यात आला, साहेब माझी ट्रॉली साडेअठरा टनाची आणि मेसेज आलाय १८ किलोचा. सगळे हसले, मी पण हसलो, मग दोन दिवसांनी दुसरा आला आणि हसू गेलं. काट्याच्या फाइलमध्ये बघितलं तर वजन बरोबर, १८४५०. आमच्या डेटाबेसमध्ये १८. एरर कुठेच नाही. शेवटी आम्ही प्रत्येक फाइलची एक प्रत बाजूला ठेवायचो ती उघडून बघितली, तर ओरिजिनल फाइल नऊ हजार बाइटच्या वर आणि आमची प्रत बरोब्बर ४०९६ बाइटची. तो आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला. लिहिणारा प्रोग्राम आधी स्वतःच्या बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) लिहितो, ४०९६ बाइट भरले की तेवढा गठ्ठा डिस्कवर ढकलतो, पहिला गठ्ठा गेला आणि दुसरा यायच्या आत आम्ही वाचलं. गठ्ठा जिथे तुटला तिथे १८४५० मधले पहिले दोन आकडे आत आले, बाकीचे बाहेर. आमच्या पार्सरला (फाइल वाचून आकडे वेगळे करणाऱ्या कोडला) १८ हा आकडा एकदम कायदेशीर वाटला. (खालच्या सगळ्या ओळी पण गेल्याच होत्या, पण ज्याला मेसेजच आला नाही तो तक्रार करायला येत नाही, त्याला वाटतं रेंज नसेल.)

तुमचा ‘फाइल वापरात आहे’ वाला एरर त्या मानाने सज्जन आहे, तो निदान ओरडतो तरी. लिहिणाऱ्याने फाइल लॉक न करता उघडली असेल तर तुम्ही अर्धी फाइल आनंदाने वाचाल आणि कळणार पण नाही.

आता लोक यावर जे उपाय करतात ते एकेक बघू. स्लीप हा उपाय नाहीच, तो अंदाज आहे. पाच सेकंद चालले म्हणून दहा, दहा चालले म्हणून तीस, आणि मग सोमवारी सकाळी नेटवर्क हळू असलं की परत तेच.

दुसरा उपाय, साइज बघत राहायची, दोन-तीन वेळा सारखी आली की झालं समजायचं. बरा आहे पण विंडोजवर एक फसवणूक आहे. एक्सप्लोररमधून मोठी फाइल कॉपी-पेस्ट करा आणि दुसऱ्या बाजूने साइज बघा, बऱ्याचदा पहिल्या क्षणापासूनच साइज पूर्ण दिसते, कारण कॉपी करणारा आधी जागा अडवून ठेवतो आणि मग भरत बसतो. म्हणजे साइज स्थिर आहे, आतला मजकूर अजून यायचाय. उलट्या बाजूने, स्कॅनरमध्ये कागद अडकला, माणूस कागद काढतोय, दोन मिनिटं साइज हलत नाही, तुम्ही म्हणता झालं. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय) चोकिडार नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आहे, नाव वाचून हसू नका, आपलाच चौकीदार आहे तो, त्यात हीच युक्ती तयार मिळते आणि डिफॉल्ट दोन सेकंद स्थिर राहिली की फाइल पूर्ण धरतात. कोड एडिटरच्या सेव्हसाठी ठीक आहे, स्कॅनरसाठी दोन सेकंद म्हणजे काहीच नाही.

तिसरा, फाइल एक्सक्लूझिव्ह उघडून बघायची, म्हणजे आपण धरलेली असताना दुसऱ्या कोणाला उघडू द्यायची नाही (शेअरिंग नन). उघडली तर दुसरं कोणी धरून बसलेलं नाही. विंडोजवर हा त्यातल्या त्यात खरा उपाय आहे, मी पण वापरतो, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, काही स्कॅनर प्रत्येक पानाला फाइल उघडतात, पान जोडतात, बंद करतात, परत पुढच्या पानाला उघडतात. तुम्ही नेमकं दोन पानांच्या मध्ये उघडलंत तर तुम्हाला वाटेल झालं, आणि वर तुमच्या लॉकमुळे बिचाऱ्या स्कॅनरलाच एरर येईल आणि तिसरं पान हवेत. म्हणजे तपासायला गेलात आणि मोडून आलात. म्हणून साइज आणि बदलाची वेळ थोडा वेळ स्थिर, आणि त्यानंतरच एक्सक्लूझिव्ह उघडणं, असे दोन्ही एकत्र लावा. दोन, लिनक्सवर ही ट्रिक चालत नाही, तिथे लॉक हा सहसा आपापसातला समजुतीचा मामला असतो, समोरच्याने मानला तर मानला.

चौथा म्हणजे फाइलच्या आतच बघायचं. पीडीएफच्या शेवटी दोन टक्क्यांची चिन्हं आणि ईओएफ असं लिहिलेलं असतं, झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, जेसन या मजकुराच्या फॉरमॅटचा शेवटचा कंस जुळला पाहिजे. काट्याच्या प्रकरणात आम्हाला यानेच वाचवलं. त्या सॉफ्टवेअरवाल्याला म्हटलं बाबा तुझ्याकडे बदल कर, तर त्याचा माणूस हंगामात दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा घाईत. मग फाइल नीट बघितली तर शेवटच्या ओळीत ‘एकूण खेपा’ आणि आकडा पहिल्यापासून येत होता, आम्हीच तो निरुपयोगी म्हणून टाकून देत होतो. नियम केला की ती ओळ नाही तर फाइल नाही, आणि ओळीतला आकडा आणि मोजलेल्या ओळी जुळल्या नाहीत तरी फाइल नाही. त्यानंतर त्या हंगामात एकही किलोवाला मेसेज गेला नाही.

पण खरा उपाय लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे आणि तो जुना आहे. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, बंद करायची, आणि मग रिनेम करून खरं नाव द्यायचं. एकाच ड्राइव्हवर रिनेम म्हणजे फक्त नावाची पाटी बदलणं, अर्धं रिनेम असा प्रकार नसतो, त्यामुळे खऱ्या नावाने फाइल दिसली की ती पूर्ण आहेच. डॅनियल बर्नस्टाइनने क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी मेलडिर ही मेल साठवायची पद्धत काढली त्यात हेच आहे, टीएमपी (तात्पुरता), न्यू (नवीन) आणि कर (चालू) असे तीन फोल्डर, मेल टीएमपीमध्ये लिहायचा आणि पूर्ण झाला की न्यूमध्ये ढकलायचा, वाचणारा टीएमपीकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही रोज बघता ते पण हेच आहे, क्रोम डाउनलोड करताना क्रडाउनलोड शेपूट लावतो, फायरफॉक्स पार्ट लावतो, फाइली पाठवायचा प्रोग्राम विनएससीपी मोठ्या फाइलींना फाइलपार्ट लावतो, तसाच दुसरा प्रोग्राम आरसिंक टिंब लावून लपवलेल्या नावाने लिहितो आणि शेवटी रिनेम करतो (इनप्लेस, म्हणजे मूळ फाइलवरच लिहा, हा पर्याय दिला नसेल तर). तेव्हा तुमच्या स्कॅनरच्या किंवा त्याच्यासोबतच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आधी जाऊन बघा, ‘तात्पुरतं नाव वापरा’ किंवा ‘काम झाल्यावर इंडेक्स फाइल टाका’ असलं काही असेल तर निम्मं दुखणं तिथेच संपलं. इंडेक्स फाइल म्हणजे पीडीएफ पूर्ण झाल्यावर त्याच नावाची छोटीशी एक्सएमएल फाइल पडते, मग तुम्ही पीडीएफवर नाही तर त्या एक्सएमएलवर नजर ठेवायची.

रिनेमचे दोन खड्डे. तात्पुरता फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर मूव्ह म्हणजे आतून कॉपी आणि मग डिलीट, म्हणजे परत अर्धवट फाइल, त्यामुळे दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर हवेत. आणि दुसरं, तुमच्या कोडमध्ये फक्त क्रिएटेडला हँडलर (इव्हेंट आला की चालणारा कोड) लावलाय. त्याच फोल्डरमध्ये रिनेम झालं तर क्रिएटेड येत नाही, रिनेम्ड येतो. तो पण पकडा, आणि त्यात नवीन नावाचं एक्स्टेन्शन स्वतः तपासा, कारण फिल्टरला पीडीएफ दिलेलं असलं तरी जुनं किंवा नवीन यातलं कुठलंही नाव जुळलं की इव्हेंट येतो, म्हणजे पीडीएफचं कोणी बॅकअप असं नाव केलं तरी तुमच्याकडे घंटी वाजणार.

आता तिसरा प्रॉब्लेम, गायब होणाऱ्या फाइली. फाइलसिस्टमवॉचरचा आतला बफर डिफॉल्ट ८ केबीचा असतो. एका इव्हेंटला बारा-सोळा बाइट आणि वर नावाच्या प्रत्येक अक्षराला दोन बाइट, म्हणजे सबफोल्डरसकट चाळीसेक अक्षरांचं नाव धरलं तर साधारण नव्वद इव्हेंटमध्ये बफर भरला. एका फाइलचे तीन-चार इव्हेंट येतात, म्हणजे पंचवीस-तीस फाइली. तुमचा हँडलर स्लीपमध्ये झोपलेला असताना आणखी आल्या की बफर उतू जातो, आणि उतू गेलं की नेमक्या कुठल्या फाइली गेल्या ते कोणी सांगत नाही, फक्त एरर नावाचा इव्हेंट येतो. त्याला तुम्ही हँडलर लावलेलाच नाही म्हणून लॉग शांत. (खरं सांगायचं तर मी पण पहिल्या दोन प्रोजेक्टमध्ये नव्हता लावला.)

बफर ६४ केबीपर्यंत वाढवता येतो, वाढवा. नोटिफायफिल्टरमध्ये फक्त फाइलनेम ठेवा, चेंज्डची गर्दी कमी होईल. पीडीएफवाल्या नावाच्या फिल्टरने मात्र बफर वाचत नाही, ती गाळणी नंतर लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हँडलरमध्ये काम करू नका. नाव क्यूमध्ये (कामाच्या रांगेत) टाका आणि बाहेर पडा, बास. उघडणं, तपासणं, वाट बघणं, ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं), सगळं दुसऱ्या थ्रेडने (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाने) क्यूमधून उचलून करायचं.

एवढं करूनही फाइली सुटणार, हे मी लिहून देतो. सर्व्हिस रीस्टार्ट होत असताना आलेली फाइल, नेटवर्क शेअर दोन मिनिटं तुटला आणि परत आला पण वॉचर मुका झाला तेव्हाची फाइल. म्हणून दर मिनिटाला किंवा दोन मिनिटांनी अख्खा फोल्डर वाचायचा आणि जे पडलंय ते क्यूमध्ये टाकायचं. सर्व्हिस सुरू होताना आधी वॉचर चालू करायचा आणि मग फोल्डर वाचायचा, उलटं केलंत तर वाचून झालं आणि वॉचर लागायचाय या फटीत आलेली फाइल जाते. एकच फाइल दोन्हीकडून क्यूमध्ये येईल, येऊ दे, दुसऱ्यांदा गेलो आणि जागेवर नसली तर मुकाट परत यायचं. खरं तर माझ्या मते जिथे पाच-दहा सेकंदांचा उशीर चालतो तिथे वॉचर लावूच नये, नुसतं दर दहा सेकंदांनी फोल्डर वाचावा, कोड निम्मा होतो आणि रात्री फोन येत नाहीत. मुलांना हे पटत नाही, पोलिंग, म्हणजे असं ठरावीक वेळाने जाऊन बघणं, त्यांना जुनाट वाटतं.

फक्त पोलिंग करताना ‘मागच्या वेळेनंतर बदललेल्या फाइली’ असं शोधू नका. विंडोजवर कॉपी केलेल्या फाइलची बदलाची वेळ मूळ फाइलचीच राहते, म्हणजे गेल्या महिन्यातला कागद कोणी आज पेस्ट केला तर तो तुमच्या हिशेबी जुना, कायमचा दुर्लक्षित. फोल्डरमध्ये आहे म्हणजे काम बाकी आहे, एवढा एकच नियम ठेवा, आणि काम झालं की तिथून हलवा.

हलवायची पद्धत अशी. येणाऱ्या फाइलींचा एक फोल्डर, त्याच ड्राइव्हवर ‘चालू’, ‘झालं’ आणि ‘अडलं’ असे तीन. फाइल पूर्ण वाटली की आधी ‘चालू’मध्ये हलवा आणि मगच वाचा. हलली म्हणजे ती तुमची, चुकून दोन सर्व्हिस चालू असल्या तरी एकीलाच मिळेल. हलवताना पुढे वेळ किंवा काहीतरी युनिक आकडा लावा, कारण बरेच स्कॅनर बंद करून चालू केले की परत ०००१ पासून मोजायला लागतात आणि मग कालचं ‘झालं’मधलं ०००१ आजच्याने पुसलं जातं. उघडली नाही तर एक सेकंदाने, दोनने, चारने, आठने परत प्रयत्न करा, आणि दहा-पंधरा मिनिटांत जमलं नाही तर ‘अडलं’मध्ये टाकून माणसाला मेल. कायम प्रयत्न करत राहणारा प्रोग्राम लिहू नका, एका खराब फाइलपायी सगळी रांग थांबते. अडलेल्या फोल्डरकडे कोण बघणार त्या माणसाचं नाव आधी ठरवा, नाहीतर दिवाळीनंतर कोणीतरी उघडतं आणि आत चारशे फाइली.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं, कारण उद्या तुमची सर्व्हिस तिकडे जाऊ शकते. तिथे २००५ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.१३ पासून आयनोटिफाय ही फाइलींवर नजर ठेवायची सोय आहे आणि त्यात ‘लिहायला उघडलेली फाइल बंद झाली’ असा क्लोज-राइट इव्हेंट मिळतो, तो आणि मूव्ह्ड-टू (‘फाइल इथे हलवली गेली’) एवढे दोन पकडा, क्रिएट सोडून द्या. पण तो सबफोल्डरमध्ये आपणहून जात नाही, प्रत्येकाला वेगळा वॉच, आणि नवीन सबफोल्डर तयार होऊन तुम्ही वॉच लावेपर्यंत त्यात फाइली पडून गेलेल्या असू शकतात, म्हणून वॉच लावल्यावर तो फोल्डर एकदा वाचा. बऱ्याच जुन्या मशीनवर वॉचची मर्यादा ८१९२ असते आणि ती संपली की एरर येतो ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’. मी एकदा अर्धा दिवस डिस्क साफ करत बसलो होतो, डिस्क मोकळी ठणठणीत. आणि एनएफएस किंवा साम्बाच्या माउंटवर (नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरवर) दुसऱ्या मशीनने टाकलेल्या फाइलीचा इव्हेंट तुमच्या मशीनवर येतच नाही, तिथे पोलिंगच.

मराठी नावांचं एक सांगायचं राहिलं, हे बाहेरच्या लेखांत सापडणार नाही. ‘दुसऱ्या’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून आणि एक र खाली नुक्ता देऊन. दिसायला तंतोतंत सारखे, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस सिस्टिम नावं फोडून ठेवायची, त्यामुळे तिकडून आलेली ‘दुसऱ्या हप्त्याची यादी’ आणि तुमच्या डेटाबेसमधली तीच यादी जुळत नाही. तुलना करायच्या आधी दोन्ही नावं नॉर्मलाइझ करा (एकाच पद्धतीत आणा), फाइल उघडताना मात्र आलेलं नाव जसंच्या तसं वापरा. दुसरं म्हणजे लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट, काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत खेळ खलास. विंडोजवर आरामात चालणारं ‘ग्रामसभा ठराव दिनांक अमुक सर्व सदस्यांच्या सह्यांसह अंतिम प्रत’ छाप नाव अजून थोडं लांबलं की तिकडे हलेना, आणि त्यात तुम्ही पुढे वेळ चिकटवणार. ‘चालू’मध्ये हलवताना सरळ आकड्याचं नाव द्या आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवा.

उद्या ऑफिसला गेल्यावर आधी एरर इव्हेंटला हँडलर लावा आणि दर मिनिटाचं फोल्डर वाचन टाका, या दोनने पडून राहणाऱ्या फाइली लगेच थांबतील. स्लीप नंतर काढा. आणि टेस्ट करताना हाताने कॉपी-पेस्ट करून बघू नका, ती नेहमी पास होते. एक छोटी स्क्रिप्ट लिहा जी फाइल तयार करेल, ४०९६ बाइट लिहील, नव्वद सेकंद गप्प बसेल आणि मग उरलेलं लिहून बंद करेल. ती चालू असताना सर्व्हिस एकदा मारून परत सुरू करा. मग तीच स्क्रिप्ट पाचशे फाइलींची करा आणि मधेच नेटवर्कची वायर काढून लावा. ‘झालं’ आणि ‘अडलं’ मिळून पाचशे भरले पाहिजेत. चारशे नव्याण्णव भरले तर लाइव्ह करू नका.